याच्यात शब्द होते काय, मॅडम?

परवा आर्णीहून दिग्रसला येताना एसटी चुकली, म्हणून काळी-पिवळीत बसले. नऊ जणांच्या जागेत चौदा जण कोंबलेले, माझ्या मांडीवर कोणाचं तरी तुरीच्या डाळीचं गाठोडं, आणि ड्रायव्हरनं एक जुनं सिनेमाचं गाणं लावलेलं. पहिलं कडवं संपलं, सनया सुरू झाल्या, आणि मी श्वास रोखून खोकल्याची वाट पाहायला लागले. खोकला काही आला नाही. मला इतकं चुकल्या-चुकल्यासारखं झालं की मी स्वतःच खोकले. अगदी जागेवर, समेवर म्हणा ना! शेजारच्या बाईनं तोंडावर पदर धरला आणि त्या गर्दीत जेवढं अंग चोरता येईल तेवढं चोरलं.

त्या गाण्यात खोकला नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. ते गाणं मला परकर-पोलक्याच्या वयापासून तोंडपाठ आहे. पण थावरू राठोडांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं काढली, आणि आता ते गाणं खोकल्याशिवाय मला अपुरं वाटतं. एखाद्या माणसानं तुमच्या आयुष्यात काय करून ठेवावं याला काही धरबंध नाही.

राठोड भाऊ आमच्या कार्यालयात आवक-जावक पाहायचे. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. तालुक्याच्या गावाला असतात त्यांतलंच एक. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा आणि नोंद करून पुढं सरकवायचा, हे त्यांचं काम. बुटकी, रुंद मूर्ती, ओठ दिसू न देणारी मिशी आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं. एक लिहायचं आणि दुसरं टेबलावर वाजवायचं. या दोन पेनांची अदलाबदल झालेली मी नऊ वर्षांत एकदाही पाहिली नाही.

शिक्का ते तालात मारायचे. शाईच्या गादीवर हलका, कागदावर जोरात. मार्च महिन्यात टपाल वाढलं की लय चढायची, आणि आमचे शिपाई वामनराव हातात फायली घेऊन त्याच लयीत व्हरांड्यातून चालायचे. विचारलं तर म्हणायचे, "मी कुठं चालून राह्यलो? थो राठोड चालवून राह्यला मले."

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी डबा धुऊन आले आणि तेच सनयांचं गाणं गुणगुणत खुर्चीवर बसले. मी शब्दांची माणूस. कॉलेजपासून गाणी उतरवून घेतलेल्या सात वह्या माझ्याकडे आहेत, आणि कोणी ओळ चुकीची म्हटली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला घास गिळत नाही. कार्यालयातल्या मसुद्यांच्या वेलांट्याही मीच सुधारते. त्यामुळे मी लोकप्रिय आहे असं म्हणता यायचं नाही. तर मी गुणगुणत होते, आणि राठोड भाऊंचा हात शिक्क्यासकट हवेतच थांबला.

"मॅडम, हे कोनतं गानं?"

मी सांगितलं. ते विचारात पडले. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्या गाण्याच्या दोन कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे तोंडानं वाजवून दाखवले. तिन्ही सनया, त्यामागचा ढोलक, सगळं. मधोमध एकदा खोकले. मग डोळे उघडून म्हणाले, "हे गानं ना?"

"हो, हेच."

"मंग तुम्ही मधात काय म्हनून राह्यल्या होत्या?"

"शब्द, भाऊ. गाण्याचे शब्द."

त्यांनी शिक्का खाली ठेवला. "याच्यात शब्द होते काय, मॅडम?"

मला वाटलं, नवीन बाईची फिरकी घेताहेत. पण चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. तीस वर्षं ते गाणं त्यांचं जीव की प्राण होतं, आणि त्यात कोणी कोणाला काहीतरी सांगतंय याचा त्यांना पत्ताच नव्हता! गायिका गायची तेव्हा त्यांच्या लेखी एक छान आवाजाचं वाद्य वाजत असायचं. त्यांचं खरं गाणं कडवं संपल्यावर सुरू व्हायचं.

आणि खोकला? तो त्यांच्या काकांचा. तांड्यावर पहिला टेपरेकॉर्डर काकांनी आणला, रेडिओसमोर धरून हे गाणं भरून घेतलं, आणि ऐन सनयांच्या जागी काकांना ठसका लागला. ती टेप तुटेपर्यंत वाजली. राठोड भाऊंच्या मते खोकला हा गाण्याचाच भाग. "मले वाटे, सनईवाला दमला म्हून खोकल्ला. अन् खोकल्ला बी कसा, बरोबर मात्रेवर!" मी समजावलं की इतर कोणत्याही टेपवर, मोबाइलवर तो खोकला नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "मंग मांगून काढून टाकला असन त्याईनं."

हे कान त्यांना कसे लाभले, त्याची हकिगत ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. त्यांच्या तांड्यावर सगळे गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलणारे. आजे-पणजे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूख हिंडलेले, वडलांच्या वेळेपासून शेती. थावरूला शाळेत घातलं ते शेजारच्या गावात, आणि तिथले मास्तर मराठी बोलायचे. "मले एक अक्षर समजे नाही. मले वाटे, हा मानूस दिवसभर गाऊन राह्यला. वर चढे, खाली ये, मधात थांबे. चांगलं वाटे आयकाले." पोरं कविता पाठ करायची, थावरूनं चाल पाठ केली आणि शब्दांच्या जागी तोंडाला येईल ते भरलं. एकदा तपासणीला मोठे साहेब आले आणि मास्तरांनी सुरेल म्हणून थावरूलाच उभं केलं. त्यानं सगळी कविता ठणठणीत आवाजात, एकाही खऱ्या शब्दाशिवाय म्हणून दाखवली. साहेबांनी पाठ थोपटली आणि मास्तरांना म्हणाले, मुलाची चाल उत्तम आहे, उच्चार थोडे सुधारा.

पुढं मराठी आली, हिंदी आली, नोकरी लागली. कागद ते चोख वाचायचे, चोख लिहायचे. पण कानाला लागलेली सवय सुटली नाही. कानानं शब्द आत घ्यायचाच नाही, दारातूनच सुराला तेवढं आत बोलवायचं.

याचा सगळ्यात मोठा प्रसाद आमच्या एका साहेबांना मिळाला. या साहेबांना वाऱ्याचं वावडं होतं. कागद उडतात म्हणून मे महिन्यातसुद्धा खिडक्या बंद, पंखा एकवर. यवतमाळचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. साहेबांची बदली झाली तेव्हा आम्ही सगळे जड अंतःकरणाचा चेहरा करून निरोप समारंभाला बसलो होतो. माझ्याकडे निरोपपत्र आणि राठोड भाऊंकडे गाणी. साहेबांच्या गळ्यात हार पडला, हातात नारळ आला, आणि भाऊंनी मोबाइल स्पीकरला जोडला. गाणं सुरू झालं. त्या गाण्यातली बाई म्हणते, बरं झालं तू गेलास, आता माझ्या घरात वारा येईल.

मी जीभ चावली. वामनरावांनी पेढ्यांच्या ताटात तोंड घातलं. मागच्या रांगेतून हसण्याचा एक फुगा फुटला, आणि तो दाबायच्या नादात दुसरा. साहेब नारळ धरून उभेच. धृपद पुन्हा आलं, पुन्हा वारा आला!

"हे गाणं कोणी निवडलं?" साहेबांनी विचारलं.

राठोड भाऊ उठले. डोळे भरलेले, हात छातीवर. "मी, सर. दुसरं मनातच आलं नाही, सर." आणि मग कळवळून, "सारंगी आयका, सर. सारंगी."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढं खरं दुःख होतं की साहेबांना रागावता येईना. ते उभ्या उभ्या सारंगी ऐकत राहिले. दोन महिन्यांनी त्यांचा नव्या जागेवरून फोन आला, तो मीच घेतला. म्हणाले, राठोडांना सांगा, ते गाणं पाठवा. सारंगी बरी होती.

आता हे ऑफिसात गमतीचं होतं, पण घरी? त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा भाऊंनी मला ओट्यावर बसवलं आणि आतल्या दाराकडे तोंड करून दोन सूर काढले, एक खालचा आणि एक वरचा. "हूं-हूंऽ." आतून वहिनी पाणी घेऊन आल्या. चहा हवा होता तेव्हा पुन्हा "हूं-हूंऽ", फक्त शेवटचा सूर जरा लांब. मी निघताना वहिनी मागच्या अंगणात होत्या. भाऊंनी भिंतीवरून सूर टाकला आणि त्या हात पुसत हजर. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली नव्हती. त्यांच्या मते गरजच नव्हती. दोन सूर होते आणि ते चुकून दुसऱ्या कोणाला लागू होत नव्हते. वहिनींचं नाव झमकी आहे हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या लेकीकडून.

लेक पूनम. जिभेला धार, डोळ्यांत सदा मिश्कीलपणा, आणि मला मावशी म्हणणारी. बापाच्या कानांचा खरा फटका बसला तो तिला. बारावीनंतर तिनं बापाला सांगितलं, मला नर्सिंगला जायचं आहे. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. तिचं बोलणं संपल्यावर ते प्रसन्न हसले, दुसऱ्या दिवशी गेले आणि कृषी पदविकेचा अर्ज भरून आले. "मले वाटलं ते खुशीत बोलून राह्यली, म्हंजे शिक्षनाचंच आहे काहीतरी. मंग मी शिक्षनाचं केलं!" ती शिकली, कृषी सेवक झाली, शेतकऱ्यांना बोंडअळी दाखवत गावोगाव स्कूटीवर फिरायला लागली. नोकरी तिला आवडायचीही. पण दर काही दिवसांनी ती बापासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "बा, सामळ!" सामळ म्हणजे ऐक. भाऊ ऐकायचे आणि म्हणायचे, "आवाज बसला वाटते तुहा. गुळन्या कर."

आवाज खरंच बसलेला असायचा, हे सांगितलं पाहिजे. घरात कोणालाही ताप यायच्या आदल्या दिवशी भाऊंना तो आवाजातून कळायचा. प्रेम नव्हतं असं कोणीच म्हणू शकलं नसतं.

पूनमचं लग्न ठरलं. मुलगा पुसदकडच्या तांड्यातला, तिच्याच खात्यातला, तिनंच पसंत केलेला. (हे तिनं बापाला लिहून दिलं होतं. कागद त्यांनी वाचला, आणि सवयीनं शिक्काही मारला.) लग्नाला पंधरा दिवस असताना ती आमच्या कार्यालयात आली, भाऊ साहेबांकडे गेलेले पाहून माझ्या समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मावशी, मी जाईन तेव्हा ढावलो गाणार आहे."

ढावलो म्हणजे काय ते मला तिनंच सांगितलं. सासरी निघालेली मुलगी घरच्या एकेकाच्या गळ्यात पडते आणि गाऊन रडते. चाल ठरलेली, शब्द तिचे तिनं जोडायचे. आजकालच्या पोरींना तो येत नाही. पूनम महिनाभर तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन शिकली होती.

"बाच्या गळ्यात पडून मी त्यात एक गोष्ट मागणार आहे. एकच. त्यानं ती ऐकली पाहिजे. चाल नाही, शब्द." बोलता बोलता तिची थट्टा कुठं गेली कळलं नाही. "तेवीस वर्षं झाली मावशी, मी बोलून राह्यली अन् हा माणूस गाणं आयकून राह्यला. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्यानं माझं आयकावं. नाही आयकलं त आयुष्यभर मनात राहील माझ्या."

तिनं मला एक बंद पाकीट दिलं. मागणं त्यात लिहिलेलं होतं. लग्नानंतर भाऊंनी काय ऐकलं ते विचारायचं आणि पाकीट उघडून ताडून पाहायचं, पंच मी.

भाऊ परत आल्यावर तिनं त्यांना हे सगळं पुन्हा सांगितलं, आणि यावेळी त्यांचे दोन्ही कान हातात धरून. ते घाबरले. खरंच घाबरले. ती गेल्यावर कितीतरी वेळ शिक्क्याचा आवाज आला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मले शब्द आयकाले शिकवा."

मग काय! मला आयतंच कुरण मिळालं. रोज मधल्या सुट्टीत शिकवणी. मी मोबाइलवर गाणं लावायची आणि भाऊंनी ऐकू आलेले शब्द कागदावर लिहायचे. पहिल्या दिवशीचा कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलंय: 'बासरी. मग बाई. मग बासरी. सारंगीवाला एका जागी उशिरा आला.' दुसऱ्या दिवशी: 'बाई. बाईला सर्दी असावी.' तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "काहून हो भाऊ, ती बाई एवढी ओरडून सांगते आहे, एक शब्द कानात शिरत नाही?" ते अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "शिरते ना. पन शिरल्याबरोबर सूर होऊन जाते."

चौथ्या दिवशी एक शब्द सापडला: 'मगर'. वामनरावांनी सगळ्यांना चहा पाजला. भाऊ दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मगर! मगर म्हनते थे!"

आठवड्यानं पूर्ण ओळ आली, मग दोन, मग अख्खं कडवं. आणि तेही त्यांच्या लाडक्या सनयांच्या गाण्याचं. मला वाटलं, आता आनंदानं उडी मारतील. तर माणूस हिरमुसला. "मॅडम, हा त लबाड मानूस आहे! इकडं हिले वचन देऊन राह्यला अन् तिकडं दुसऱ्या गावाले चालला. चाळीस वर्षं मी याले भला समजून राह्यलो होतो." त्या दुपारी शिक्के अगदी संथ पडले.

एक कबूल करते. त्या पंधरा दिवसांत शिकवणी माझीही झाली. मी गाणं थांबवून ओळ सांगायला जायची आणि ते कळवळायचे, "थांबा ना, आता थो लहाना बासरीवाला येते." कोण लहाना बासरीवाला? तर गाण्याच्या अगदी कडेला, दोन ओळींच्या फटीत, कोणी एक जण इवलीशी बासरी फुंकून जात होता. सात वह्या भरून शब्द उतरवणाऱ्या मला तो कधी भेटलाच नव्हता. त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चक्क हसले, गुदगुल्या झाल्यासारखी. भाऊ म्हणाले, "आहे ना? मी सांगतलं होतं ना?"

लग्न तांड्यावर होतं. मी सकाळीच दिग्रसहून पोचले. मंडप, पंगत, हळदीचे कपडे, आणि वरपक्षानं आणलेला डीजे. पिकअप गाडीवर घराएवढे खोके लावलेले. त्यांच्या धडधडीनं मंडपाच्या झालरी हलत होत्या आणि माझ्या पोटातलं वरणही. भाऊ सकाळपासून त्या खोक्यांना जवळजवळ गाल लावून उभे. डीजेवाल्या पोऱ्याशी त्यांची गट्टी जमली होती. तो खटके फिरवायचा आणि हे मान डोलवायचे. वहिनींनी मला खुणेनं दाखवलं आणि कपाळावर हात मारला. मला पाकिटाची काळजी लागली. मी पर्समध्ये हात घालून ते चाचपत होते.

उन्हं कलली आणि पूनमला बाहेर आणलं. बाया गोल करून उभ्या राहिल्या. ती आधी आईच्या गळ्यात पडली, मग सख्ख्या मावशीच्या. ओठ हलताना दिसत होते, पण डीजेखाली काही म्हणजे काही ऐकू येईना. एकेक करत ती बापापर्यंत आली. भाऊ पुढं झाले, तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले, तोंड उघडलं, आणि खोके नव्या जोमानं धडधडले.

भाऊंनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. मग लेकीचे हात हलकेच गळ्यातून काढले आणि ताडताड चालत निघाले. मीही मागं धावले. डीजेवाला पोऱ्या रंगात आला होता.

"बंद कर," भाऊ म्हणाले.

"काका, आत्ताच त सूर जमून राह्यला!"

"सूर राहू दे. मले शब्द आयकाचा आहे."

पोऱ्या हसला आणि खटका आणखी वर सरकवला. तेव्हा राठोड भाऊ खाली वाकले, जनरेटरकडून आलेली जाड केबल दोन्ही हातांनी धरली, पाय रोवला आणि उपटली.

तांड्यावर असं काही शांत झालं की कुठल्या तरी गोठ्यात वासरू हंबरलं ते मोठं वाटलं. वरपक्षाचे दोघं-तिघं बाह्या सरसावत आले. भाऊंनी हात जोडले, केबल हातातच होती, आणि तसेच ते परत लेकीसमोर जाऊन उभे राहिले.

पूनम गायला लागली. गोरबोलीत. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की मी कसली पंच! मला गोरबोलीतलं 'सामळ' सोडून एक अक्षर येत नव्हतं. जन्मभर शब्दांचा तोरा मिरवला आणि ऐन वेळी माझ्या वाट्याला नुसती चाल आली. खालून उचलून वर नेलेला एक लांब सूर, वर जाऊन थरथरणारा, आणि मग पायरीपायरीनं खाली. मला काही कळत नव्हतं आणि मी रडत होते. सभोवतालच्या बायांना कळत होतं आणि त्या फिदीफिदी हसत होत्या, हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या. पोरगी रडता रडता काहीतरी भलतंच सांगत होती बापाला! भाऊ मात्र ना हसले, ना रडले. ते तिच्या ओठांकडे पाहत होते. कपाळावर आठ्या, तोंड अर्धं उघडं, पहिलीतल्या मुलानं फळ्याकडे बघावं तसे.

गाडी गेली. धूळ खाली बसली. डीजेवाल्याला त्याची केबल मिळाली. मी भाऊंजवळ गेले आणि भीतभीतच विचारलं, "काय म्हणाली?"

त्यांनी बोटं पुढं धरली आणि एकेक मोजायला लागले. "म्हने, मी दवाखान्याचं मांगतलं, तू मले वावरात धाडलं. म्हने, मी लाल सायकल मांगतली, तू निळी आनली. म्हने, मले पायाले पोरगा आला तवा तू त्याच्या गाडीच्या हॉर्नचीच तारीफ करत बसला, पोराले नावबी नाही पुसलं. म्हने, तरी तुह्यासारखा बाप मले पायजे, पुढच्या टायमालेबी, फक्त कानं बदलून." शेवटचं मागणं सोडून पूर्ण ढावलो त्यांनी मला मराठीत शब्दाशब्दानं सांगितला.

मला राहवेना. "आणि चाल काय सुंदर होती हो! म्हणून दाखवा ना."

भाऊंनी डोळे मिटले. मिशी हलली. मग डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जणू खिशातून दुसरं पेन गेलं आहे. "चाल..." ते म्हणाले. "चाल नाही ध्यानात राह्यली, मॅडम."

"बरं. शेवटी मागितलं काय?"

मंडपाच्या पलीकडच्या टोकाला वहिनी आमच्याकडे पाठ करून सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. भाऊ चार पावलं पुढं गेले, शर्ट खाली ओढला. मी घाईघाईनं पाकीट फोडलं. आत एकच ओळ होती: 'याडीला नावानं हाक मार.' याडी म्हणजे आई.

पुढं वर्षभरात त्यांची मुकुटबनकडे बदली झाली, त्यानंतर फोनवर बोलणं होतं तेवढंच. पण राठोड भाऊ म्हटलं की मला दिसतात ते त्या मंडपातले, पाठमोरे, दोन्ही मुठी आवळून उभे.

"झमकी!"

कसला सूर आणि कसलं काय! कोरडा, चिरका, तिसऱ्याच पट्टीत फाटलेला आवाज. वहिनींचे हात थांबले. त्या वळल्या, भाऊंकडे पाहिलं, आणि मग दुसरी कोणी झमकी आली आहे का म्हणून मागं पाहायला लागल्या.